मालतीची दुधी काच

फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या खाली चहाच्या टपरीवर उभा होतो. सकाळची वेळ, ऑफिसला निघालेली माणसं घाईघाईने चहा पीत होती. वर मालती होती आणि तिच्याजवळ आमची मुलगी अनघा. मला मालतीनेच खाली पिटाळलं होतं. म्हणाली, "जा, चहा पिऊन या, तुमचं तोंड बघवत नाही मला." कप हातात आला आणि खिशातला फोन थरथरला. अनघा एवढंच म्हणाली, "बाबा, वर या." लिफ्टपाशी गर्दी होती, मी जिन्याने निघालो. मधल्या मजल्यावर थांबलो. दम लागला म्हणून नाही. वर गेल्यावर जे कळणार होतं, ते अजून थोडा वेळ कळू नये म्हणून... त्याला आता दीड महिना होत आला. अजूनही फोन वाजला की मी आधी भिंतीला हात टेकतो, मग उचलतो.

चहाला जायच्या आधीचं सांगतो, कारण तेच डोक्यातून जात नाही. तिला सलाईन लावलेलं होतं. ती उताणी पडून त्या बाटलीकडे बघत होती. वर ट्यूबलाइट, खाली बाटली. मला म्हणाली, "अहो, जरा बघा ना, तळाशी काहीतरी आहे." मी उठलो, चष्मा पुसला, बाटली फिरवून उजेडात धरली. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. मला काही दिसलं नाही. नर्स हसून म्हणाली, "माताजी, बिल्कुल साफ है, सीलबंद आती है." मालतीचं समाधान झालं नाही. ती नर्सकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिली. शेवटी मी म्हणालो, "हं." आमच्या घरात या "हं"ला अर्थ आहे, तो पुढे येईल. तिने डोळे मिटले आणि मला चहाला पाठवलं. डॉक्टरांनी नंतर मला समोर बसवून सांगितलं की हृदय थकलं होतं, बाटलीचा काही संबंध नाही. ते मला समजतं. पण समजल्याने भीती जात नाही.

अनघा म्हणते, बाबा लिहा, मन हलकं होईल. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही अमरावतीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि नंतर जन्मभर हातात पाना धरला. गोड लिहिता येणार नाही. मालतीलाही गोड बोललेलं चालत नसे. कुणी फार कौतुक करायला लागलं की ती म्हणायची, "याला आता काय हवंय ते विचारा."

दिल्लीत मला काकांनी आणलं. ते एका मंत्रालयात चपराशी होते. मी गाज़ियाबादला चड्ढाजींच्या सोड्याच्या कारखान्यात मशीनवर लागलो. मालतीचे वडील सरकारी नोकरीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. ती बी.कॉम. झालेली, सरकारी अकाउंट्सच्या ऑफिसात क्लार्क. आमच्या समाजाच्या बैठकीत ओळख झाली, बोलणी निघाली, तेव्हा तिच्या वडिलांनी मला समोर बसवून इतरांशी तोललं. वानखेड्यांचा जावई स्टेनो आहे, मेश्रामांचा बँकेत आहे, तू कोण? मी म्हणालो, मिस्त्री. आतून मालती चहा घेऊन आली आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, ते दोघं यांच्यासारखे कुठे आहेत? तोलायचं तर सारख्याशी तोला. त्या दोघांनाही मशीन उघडून दाखवायला सांगा." ते हसले, आणि जमलं. बुद्धवंदना, चहा, पेढे, एवढ्यात आमचं लग्न झालं. तेव्हा ते बोलणं मला फक्त तिखट वाटलं होतं. पुढे तेच बोलणं आमचा कारखाना पणाला लागला तेव्हा कामाला आलं.

कारखाना म्हणजे फार मोठा नाही. एक बाटल्या धुवायचं मशीन, एक भरायचं, एक झाकण ठोकायचं. 'फवारा' नावाने आम्ही लेमन आणि जिऱ्याचा सोडा काढायचो. काचेच्या बाटल्या, लाकडी क्रेट. भरलेल्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत एका दुधी काचेसमोरून जायच्या. काचेच्या मागे ट्यूबलाइट. समोर स्टुलावर एक बाई बसायची आणि बाटलीत काही तरंगतंय का, तळाशी काही बसलंय का, ते बघायची. या जागेला आम्ही पडदा म्हणायचो. मालती शनिवारी सुट्टी असली की माझा डबा घेऊन यायची. एका शनिवारी पडद्यावरची बाई आलेली नव्हती, तर ही पदर खोचून स्टुलावर बसली. दुपारी एका लग्नाचा माल निघायचा होता. क्रेट गाडीत चढत होते आणि ही एकदम उभी राहिली, एक बाटली उचलून काचेसमोर धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. तळाशी, छापलेल्या नावाच्या आड, पाल होती. मेलेली, पांढरी पडलेली.

चड्ढाजी तिथेच जमिनीवर बसले. चांगला धिप्पाड पंजाबी माणूस, फाळणीत सगळं गमावून आलेला. लग्नात मुलं असतात, ती बाटली कुणाच्या हातात गेली असती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी विचारलं, "ये एक निकाल दें? बाकी जाने दें?" ते म्हणाले, "नहीं मिस्त्री. एक निकली तो पूरा क्रेट दोबारा. अपने को जो अच्छी लग रही है, वो भी." त्या दिवशी गाडीतला सगळा माल उतरवून पुन्हा पडद्यासमोरून नेला. लग्नवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून तो आमचा नियम झाला: एक खराब निघाली की पूर्ण क्रेट. आणि मालतीला तेव्हापासून ती सवय लागली. घरात पाण्याचा ग्लास द्यायचा तरी खिडकीसमोर धरून फिरवायची. अनघाची दुधाची बाटली, माझं खोकल्याचं औषध, पाहुण्यांचं सरबत, सगळं. नीट दिसलं की हळूच म्हणायची, "हं." मगच ते आपल्या हातात यायचं. लोक हसायचे. मीही चिडवायचो, की बाई, मी काय लग्नाचा माल आहे का? ती म्हणायची, "तुम्ही परत आलेली रिकामी बाटली आहात. तुम्हाला तर दोनदा बघावं लागतं."

नवीन मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा चड्ढाजींकडे पैसे कमी पडले. मालतीने आपल्या फंडातून उचल घेतली, दागिने दिले, आणि आम्ही त्यात भागीदार झालो. पुढे त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. साठ टक्के त्यांचे, चाळीस आमचे. मालती सरकारी नोकर, म्हणून शेअर माझ्या नावावर. मालक मी आणि डोकं तिचं, असं चड्ढाजी सगळ्यांना सांगायचे. करारात एक कलम तिने आणि त्यांनी बसून घातलं. दोघांपैकी एक गेला आणि त्याच्या घरच्यांना बाहेर पडायचं असलं, तर आधी दुसऱ्याला विचारायचं, आणि योग्य किमतीला द्यायचं. योग्य किंमत म्हणजे काय, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. आम्ही सगळे धडधाकट होतो.

मग बाजार उघडला. ते दिवस मी विसरू शकत नाही. यमुनेच्या अलीकडे-पलीकडे नुसते क्रेनचे हात दिसायचे. शेतं होती तिथे सेक्टर आणि सोसायट्या. मालतीला नोकरीत मिळालेलं आमचं क्वार्टरही सरोजिनी नगरलाच, तिथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळे शेअरचे फॉर्म भरायचे. आम्हीही गाज़ियाबादला एका सोसायटीत फ्लॅट नोंदवला होता, हप्ते चालू होते. आणि बाहेरची कोला आली. दुकानादुकानांवर रंगीत पाट्या लागल्या, फुकट फ्रिज आले. दुकानदार आम्हाला म्हणायचे, भाईसाहब, फ्रिज में दूसरे की बोतल रखी तो वो फ्रिज उठा ले जाएँगे. तेही एक वेळ समजलं असतं. पण आमच्या रिकाम्या बाटल्या परत येईनात. भरलेले क्रेट जायचे आणि गाडी अर्धी रिकामी परत यायची. काचेच्या बाटलीच्या धंद्यात बाटली हेच भांडवल, ती परत आली नाही तर उद्या भरायचं कशात? कुणी म्हणे भंगारवाले जास्त पैसे देऊन उचलतात, कुणी म्हणे कोणीतरी गोदामात साठवून ठेवतंय. मी डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून कुणावर आळ घेत नाही. पण संध्याकाळी अंगणात गाडी वळली की मी क्रेट मोजायच्या आधी आवाज ऐकायचो. भरपूर बाटल्या असल्या की गाडी किणकिणते. रोज तो आवाज कमी होत चालला होता... आपल्या अंगातलं रक्त कमी होताना ऐकू यावं, तसं ते होतं.

त्यातच चड्ढाजी गेले. उन्हाळ्यात, ऐन सीझनला, कारखान्यातच खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांचा मुलगा रिंकू माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला, आता मोठा झाला होता, लग्न झालं होतं. तेराव्यानंतर तो क्वार्टरवर आला, मालतीच्या पाया पडला आणि म्हणाला, "आंटी, मेरे से ये सोडा-वोडा नहीं होगा. मुझे नोएडा में शोरूम खोलना है. आप लोग ले लो. नहीं तो एक पार्टी है." ती पार्टी कोण, ते विचारायची गरज नव्हती. कोलाच्या बाटल्या भरून देणाऱ्या कंपनीचा माणूस कारखान्याच्या फाटकापर्यंत येऊन, बघून गेला होता. त्यांना आमचा सोडा नको होता, आमची जागा, आमचं बोअरचं पाणी आणि आमचे दुकानदार हवे होते. साठ टक्के त्यांच्याकडे गेले असते तर 'फवारा' दुसऱ्या दिवशी बंद. आणि आमचे चाळीस? असे चाळीस टक्के की ज्यांना कुणी विचारत नाही आणि कुणी विकतही घेत नाही. त्यात मालतीची सगळी कमाई होती. फ्लॅटचे हप्तेही त्यातूनच जात होते. तिची नोकरी सुटली की क्वार्टर सुटणार. मग कुठे जायचं? मी मिस्त्री माणूस, मशीन अडलं तर मला कळतं कुठे अडलंय. हे कुठे अडलंय ते मला कळत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

रिंकूने किंमत काढायला एक सी.ए. आणला. माथुर. राहायला दिल्लीतल्या मुनिरकात, अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलायला नम्र. वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्याने मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपली कंपनी घरची, तिचे शेअर बाजारात विकले जात नाहीत, म्हणजे तिला भाव असा नाहीच. मग काय करायचं? बाजारात ज्यांचे शेअर रोज विकले जातात अशा पेयांच्या कंपन्या घ्यायच्या. त्यांना जो नफा होतो, त्याच्या किती पट पैसे लोक त्यांच्या शेअरला देतात ते बघायचं. त्यांची सरासरी काढायची. आपल्या नफ्याला तेवढ्या पटीने गुणायचं. आणि आपला शेअर सहज विकला जाणार नाही म्हणून त्यातून थोडं कापायचं. मी म्हणालो, "म्हणजे शेजारचं घर कितीला गेलं ते विचारून आपल्या घराचा भाव लावायचा." तो म्हणाला, "बिल्कुल, अंकल." मला वाटलं, यात काय, सोपं आहे. मग त्याने आकडा सांगितला. बाजार तेव्हा चढलेला, त्या कंपन्यांना लोक वेड्यासारखे पैसे देत होते, त्यांच्या पटीने आमचा नफा गुणला तर आमचा हा पत्र्याच्या छपराचा कारखाना राजवाड्याच्या भावाचा झाला. माणसाला आपली वस्तू महाग आहे ऐकून आनंद होतो. मला झाला नाही. कारण ती आम्हालाच विकत घ्यायची होती.

मालतीने माथुरला एवढंच विचारलं, "तुमच्या त्या कंपन्या मला बघायला मिळतील?" तो म्हणाला, का नाही. रविवारी कारखान्यात भेटायचं ठरलं.

त्या रविवारी वीज नव्हती. गाज़ियाबादला उन्हाळ्यात हे नेहमीचं. जनरेटर फक्त मशीनच्या लाइनवर, म्हणून ऑफिसात अंधार आणि उकाडा, आणि उजेड एकच, पडद्याचा. मालती म्हणाली, इथेच बसू. म्हणून आम्ही चौघं, मी, ती, रिंकू आणि माथुर, त्या दुधी काचेसमोर स्टुलं ओढून बसलो. माथुरने पाच कागद काढले, एकेका कागदावर एकेक कंपनी. मालतीने पहिला घेतला आणि काचेला टेकवून धरला. तशीच, जशी बाटली धरायची. मला वाटलं, आता ही यांच्यासमोर हसं करून घेणार.

"हे कोण?"

"मॅडम, कोल्ड ड्रिंक. नॉर्थमध्येच आहे. सगळ्यात जास्त पट याचीच."

तिने सावकाश वाचलं. "याची हॉटेलं आहेत ना? नफ्यातला मोठा भाग खोल्यांच्या भाड्याचा दिसतोय. आमच्याकडे खोली एकच, आणि तिच्यात जनरेटर आहे."

माथुर हसला. रिंकूही हसला. माथुरने कागद परत घेऊन पाहिलं, मान डोलावली. "सही बात है. इसको हटा सकते हैं." तो कागद बाजूला गेला आणि आकडा धाडकन उतरला. मला वाटलं, झालं, आता उठा, चहा प्या, सही करा. पण मालती उठली नाही. तिने पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "एक निकली है. अब पूरा क्रेट देखना पड़ेगा."

मी खालून तिच्या पायावर पाय ठेवला. तिने पाय काढून घेतला.

दारूची एक होती, ती काढली. म्हणाली, दारूचं लायसन्स सगळ्यांना मिळत नाही, त्याचा भाव वेगळा. त्याने फार फरक पडला नाही. मग दक्षिणेतली एक, आंब्याचा रस बाटलीत भरणारी. तिची पट सगळ्यात कमी होती. तीच तर सरासरी खाली ओढत होती, तीच आमची खरी मैत्रीण. मालतीने तो कागद काचेला टेकवला आणि बराच वेळ धरून ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काचेचा पांढरा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, आणि मी देवाला न मानणारा माणूस, तरी मनात कुणाला तरी म्हणत होतो की हिला काही दिसू नये... मग ती म्हणाली, "यांच्या कारखान्यात त्या वर्षी संप होता. अर्धं वर्ष बंद. म्हणून भाव पडलाय. एरवी बरी कंपनी आहे. आजारी माणसाच्या मापावरून धडधाकटाचे कपडे शिवता येत नाहीत."

माथुरने पेन खाली ठेवलं. मग हळू म्हणाला, "मॅडम, मैं रिंकूजी की तरफ से आया हूँ, फिर भी बोल रहा हूँ. इसको रहने दीजिए. इसमें आपका फ़ायदा है."

"मालूम है मुझे."

"फिर?"

"दिख गया ना अब."

माझ्याने राहवलं नाही. मी मराठीत म्हणालो, "मालती, घर जाईल. तुला कळतंय का, घर जाईल." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, कळतंय. मला दिसलेलं मी न दिसल्यासारखं करू?" आणि तो कागद बाजूला ठेवला. उरलेले दोन तिने तसेच पाहिले, ते ठीक निघाले. आकडा पुन्हा चढला. पहिल्याइतका नाही, पण आमच्या आवाक्याबाहेर. रिंकू त्या बाजूला काढलेल्या कागदांकडे बघत म्हणाला, "आंटी, ये पापाजी वाला रूल है?" ती म्हणाली, "रूल तो रूल है, बेटा. तेरे पापा ने छिपकली देखके बनाया था, शेयर देखके नहीं." तो उठला, एका आठवड्याने सांगतो म्हणाला, आणि माथुरला स्कूटरवर बसवून निघून गेला. पट्टा बंद होता, जनरेटर उगाच धडधडत होता.

त्या आठवड्यात मी कारखान्यात जायचो आणि रोज मशीनला तेल द्यायचो, ते शेवटचं असल्यासारखं. घरी आलो की मालती खिडकीपाशी उभी असायची, एकच ग्लास कितीदा तरी फिरवत. पाणी द्यायलाच विसरायची. एकदा ग्लास हातातून सुटून फुटला तर तिने काचा गोळा करून, त्यातला एकेक मोठा तुकडाही उजेडात धरला. अनघा तेव्हा शाळेत शिकत होती. तिने विचारलं, "आई, आपल्याला इथून जावं लागणार का?" मालती म्हणाली, "लागलं तर जाऊ. मुनिरकात दोन खोल्या मिळतात." असं म्हणाली जसं भाजी आणायला जातोय. मला तिचा राग आला होता, आणि त्या रागापेक्षा आश्चर्य जास्त, की हिला भीती कशी वाटत नाही.

रिंकू आला तो कारखान्यावर आला. लाइन चालू होती. त्याने पट्ट्यावरून एक बाटली उचलली, पडद्यासमोर धरली, बापासारखीच मान तिरकी करून पाहिली, झाकण उघडलं आणि उभ्या उभ्या संपवली. मग रिकामी बाटली क्रेटमध्ये नीट ठेवून म्हणाला, "अंकल, आंटी वाला रेट ठीक है. किश्तों में दे देना. बोर्ड पे पापाजी का फोटो रहेगा, बस." त्याने असं का केलं, मला नक्की माहीत नाही. नातेवाईक म्हणाले मालतीच्या सच्चाईने तो विरघळला. मी तसा भोळा नाही. त्याला शोरूमला लगेच लागणारी रक्कम पहिल्या हप्त्यात मिळत होती, आणि त्या पार्टीने मागाहून भाव पाडायला सुरुवात केली असंही माथुर पुढे एकदा बोलला. पण रिंकूने माथुरचा पहिला आकडा नाही मागितला, मालतीचा मागितला. एवढं मी पाहिलंय.

ते हप्ते फिटेपर्यंत मी प्रत्येक उन्हाळा घाबरत काढला. पाऊस लवकर आला तर सोडा कोण पिणार, याची भीती. बाटल्या परत येतील का, याची भीती. मालती निवृत्त झाली, आम्ही गाज़ियाबादच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, अनघाचं लग्न झालं, आणि तोवर प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. परत न येणाऱ्या बाटल्यांपुढे आमचं चाललं नाही. कुणी पाडला नाही, कुणी घेतला नाही, कारखाना आम्हीच आमच्या हाताने बंद केला, माणसांचे पैसे चुकते करून. मशीन वजनावर गेलं. मी ट्रकपाशी उभा होतो, तर मालती आत जाऊन पडद्याची दुधी काच स्वतः नट-बोल्ट काढून घेऊन आली. तिला पाना धरता यायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

ती काच तिने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवून घेतली. बसवणारा सुतार म्हणाला, आंटीजी, इससे तो बाहर कुछ दिखेगा नहीं. ती म्हणाली, बाहेरचं बघायचंच नाही. तिथेच एकदा, चहा होईपर्यंत, मी तिला विचारलं, की त्या रविवारी तुला भीती कशी वाटली नाही? ती माझ्याकडे बघायला लागली, जसं मी काहीतरी अगदीच बावळटासारखं विचारलं. म्हणाली, "अहो, इतकी वाटत होती की हात थरथरत होते. कागद नुसता हातात धरला असता तर रिंकूला दिसलं असतं. म्हणून काचेला टेकवून धरला." आणि चहा गाळायला लागली. इतकी वर्षं मी समजत होतो की घाबरणारा मी आणि न घाबरणारी ती. ती बाटली उजेडात धरायची तेही धीर होता म्हणून नाही. ती पाल तिच्या डोळ्यांपुढून कधी गेलीच नव्हती. फरक एवढाच, की भीती वाटली की मी डोळे मिटायचो, आणि ती नीट बघायची.

आता मी एकटा आहे. अनघा म्हणते, आमच्याकडे या. मी म्हणतो, बघू. सकाळी गोळ्या घ्यायच्या असतात. गोळ्या मालती काढून ठेवायची, पाणी ती द्यायची. आता मी ग्लास भरतो आणि त्या खिडकीपाशी जातो. सकाळी ऊन बरोबर काचेवर येतं, काच अख्खी पांढरी होते, कारखान्यात व्हायची तशी. मी ग्लास धरतो, फिरवतो. माझा हात थरथरतो, म्हणून मग काचेला टेकवतो. त्या दिवशी दवाखान्यात टेकवायला काही नव्हतं... खरंच तळाशी काही दिसलं नव्हतं म्हणून मी "हं" म्हणालो, की नुसतं तिच्या समाधानासाठी, ते मला आता सांगता येत नाही.

परवा अनघा आली होती. मागून बघत होती. म्हणाली, "बाबा, आरओचं पाणी आहे, त्यात काय असणार? गोळी घ्या ना, उशीर होतोय." मी म्हणालो, घेतो. पाणी स्वच्छ होतं. चांगल्या डोळ्याने दोनदा पाहिलं. तरी ग्लास तोंडाला लावला नाही, तसाच धरून उभा राहिलो. कुणीतरी आधी "हं" म्हणायला हवं.